आतून कडी

हौसाआत्ती, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते तुझे. परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माइक हातात आला तेव्हा मी याच वाक्यानं सुरुवात केली. लोकांनी माना डोलावल्या. माझ्या शाळेतले दोन सहकारी नंदुरबारहून एवढ्या लांब आले होते, त्यांनी नंतर माझा हात दाबला आणि भाषण चांगलं झालं म्हणाले. झालंच होतं. मी शिक्षक आहे, मला उभं राहून बोलता येतं. तुझ्या कष्टांबद्दल बोललो, तुझ्या बाजाराच्या पाटीबद्दल बोललो, कळससारख्या गावात एकट्या बाईनं भाच्याला पदवीपर्यंत कसं नेलं ते सांगितलं. पण त्या सगळ्या वेळात मांडवाच्या कापडामागं, दहा पावलांवर, कोंबड्यांचं ते जाळीचं घर उभं होतं. त्याच्याकडं मी एकदाही बघितलं नाही.

मला खरं बोलायचं होतं ते त्याच्याबद्दल. ते माइकवर बोलण्यासारखं नव्हतं. मला राग आलाय, आत्ती. माझा येतो आहेच, पण तुझाही आलाय. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. तू जिवंत असताना मी तुझ्यावर चुकीच्या गोष्टीसाठी रागावलो, आता बरोबर गोष्टीसाठी रागावतो आहे, आणि ऐकायला तू नाहीस. कुणालातरी ऐकवायला हवं म्हणून लिहितो आहे.

आई-दादा वीटभट्टीच्या कामाला गावोगाव फिरायचे. मी सहा वर्षांचा झालो तेव्हा दादांनी मला तुझ्या दारात आणून उभं केलं आणि म्हणाले, “अक्का, ह्याला शाळंत घाल.” तू कोंबड्यांना दाणे टाकत होतीस. हातातलं सूप खाली न ठेवता म्हणालीस, “ठेव तितं.” जणू मी एखादी पिशवी होतो. पुढं बारा वर्षं मी तिथंच राहिलो.

तू भांडखोर होतीस. हे मी भाषणात बोललो नाही, ‘करारी’ म्हणालो. भवानीनगरच्या बाजारात एखाद्या गिऱ्हाइकानं अंडं उचलून कानाशी हलवलं की तू विचारायचीस, “काय ऐकू येतंय? गाणं म्हणतंय व्हय?” एसटीत पाटी मांडीवर घेऊन मी बसायचो, भुशातलं एक अंडं फुटलं तरी उतरेपर्यंत माझा उद्धार चालायचा. गृहपाठ केला नाही तर रागावायचीस, केला तर अक्षर वाकडं म्हणून रागावायचीस. वाचता येत नसून तुला अक्षर वाकडं कसं कळतं, असं मी एकदा विचारलं. तू म्हणालीस, “रांगोळी सरळ हाय का वाकडी, ते कळाया शाळंत जावं लागतंय का?”

घरामागं तेव्हा दगडमातीचं खुराडं होतं, गुडघ्याएवढं. दुसरीत असताना लपाछपी खेळताना मी त्यात शिरलो आणि अडकलो. खांदे आत गेले ते बाहेर येईनात. तू पाय धरून ओढून काढलंस, अंगावरची पिसं झटकलीस आणि मग पाठीत एक ठेवून दिलीस. “आत शिरायच्या आधी भाईर कसं यायचं ते बघावं, बैला.” ते मी विसरलो. तू मात्र विसरली नसणार. तुझं काहीच विसरायचं नाही.

बारामतीच्या कॉलेजातून बी.एस्सी.चा निकाल घेऊन आलो त्या दिवशी तू चुलीपुढनं उठलीस, हात पुसलेस आणि मला खाली सतरंजी टाकून दिलीस. आपल्या घरात सतरंजी पाहुण्याला टाकायची. मी उभाच राहिलो. “बस की,” म्हणालीस. मी बसलो. आपल्या खानदानात पहिला पदवीधर म्हणून बसलो. त्या दिवसानंतर तू माझ्यावर कधी रागावली नाहीस. एकदाही नाही. डोळ्यात कोणतं औषध घालायचं इथपासून यंदा मका करावा का कडवळ, इथपर्यंत सगळं मला विचारायला लागलीस. मला मक्यातलं काय कळतं? पण मी उत्तर द्यायचो. तू मान हलवायचीस, आणि शेजारणीला सांगायचीस, “मिलिंद म्हणलाय.” तेवढं वाक्य पुरायचं. मला ते आवडायचं, आत्ती. आज ते लिहिताना लाज वाटते, पण फार आवडायचं.

आता कोंबड्यांचं. दोन वर्षं आपला वाद चालला होता. कोंबड्या दिवसभर मोकळ्या, संध्याकाळी तू त्यांना हाकत बांधावरून फिरायचीस, कडेला लोकांचा ऊस. मुंगसानं चार नेल्या, रानमांजरानं दोन. उसात बिबट्याच्या पावलांची बोलणी सुरू झाली तेव्हा मी फोनवर सांगितलं की आता संध्याकाळी उसाकडं जायचं नाही, कोंबड्यांना जाळीचं घर करू.

“कोंबडी फिरली न्हाय तर अंड्याला चव यायची न्हाय.”

“तुला काही झालं तर चव कोण बघणार आहे?”

“मला काय हुतंय? बिबट्या माझं काय खाणार? हाडं?”

हा एकच वाद असा होता ज्यात तू थोडी तरी माझ्याशी लढलीस. मग एके दिवशी म्हणालीस, “बरं. पण फोनवर सांगितलेलं माझ्या ध्यानात राहत न्हाय. कागदावर लिव. मुबारकला वाचाया लावते.” मुबारकभाईंचं वालचंदनगरच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान. गावातली निम्मी फाटकं आणि ट्रॉल्यांची सगळी फाळकी त्यांच्या हातची. माझी पत्रं तुला वाचून दाखवायचं कामही गेली काही वर्षं त्यांच्याकडंच होतं. तुझी अट एकच, पत्राच्या शेवटी नावापुढं पदवी लिहायची. मुबारकभाई शेवटपर्यंत मोठ्यानं वाचतात आणि दुकानात चार माणसं असतात. शिवाय पदवीतली ती टिंबं तुला ओळखू यायची. “टिंबं दिसली की कळतंय, हे तुझं.” तुला मी दोन सुट्ट्या घालवून अक्षरं शिकवली होती, त्यातली शेवटी टिंबं तेवढी राहिली.

मी आठ दिवस खपून पत्र लिहिलं. वाचलं, मोबाइलवर बघितलं, शाळेतल्या फळ्यावर आकृती काढून विचार केला. जाळी अर्ध्या इंचाची, जमिनीत गाडलेली, वरूनही जाळी, दाराला स्प्रिंग, आपोआप पडणारा खटका. दिवाळीनंतर मुबारकभाईंनी ते घर बांधलं. तू फोनवर त्याला ‘बंगला’ म्हणायला लागलीस. “बंगल्यात समद्या खुशीत हायती.” मी वर्गात मुलांना त्याचं उदाहरण दिलं, की विज्ञान म्हणजे काही फक्त पुस्तकात नसतं.

आणि मग गेल्या महिन्यात एका सकाळी तुझा फोन. मोकाट कुत्री आत शिरली होती. नऊ कोंबड्या गेल्या.

मी पहिल्यांदा विचारलं, “खटका पडला नव्हता का?”

तू उत्तर द्यायच्या आधीच मी पुढं बोललो.

“आत्ती, खटका आपोआप पडतो. तो पडला तर कुत्रं काय, बिबट्या आत येणार नाही. दार उघडं कसं राहिलं?”

“मी बांधून ठिवला हुता. रातच्याला भाईरनं दगूड लावला हुता दाराला.”

“बांधून? कशाला?”

“आसंच.”

तेव्हा मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, एवढा विचार करून मी लिहून देतो, पैसे देऊनही असं कुणी करून देत नाही, आणि तू चिंधीनं बांधून दगड लावतेस. म्हणालो की तुमच्या पिढीला शिकलेल्या माणसाचं ऐकायचंच नसतं. ‘तुमच्या पिढीला’ म्हणालो. तुला.

तू म्हणालीस, “व्हय बाबा. चुकलं माझं.” मग म्हणालीस, “जेवलास का?” सकाळचे आठ वाजले होते. मी फोन ठेवला.

त्यानंतर अकरा दिवस तू होतीस. मी एकदाच फोन केला, तोही तीन मिनिटं. दहावीचे पेपर तपासायला आले होते. सुट्टीत येऊन तुला सगळं नीट समजावून सांगायचं, असं मी ठरवलं होतं. समजावून सांगायचं. तुला.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नाही. मी त्याचा संबंध दुसऱ्या कशाशी जोडणार नाही. मनात जोडला जातो, पण ते विज्ञान नाही, आणि निदान आता तरी मला नक्की माहीत नसलेलं नक्की म्हणून सांगायचं नाही.

राख सावडून आलो त्या दिवशी मी परसात गेलो. खटक्याला तुझ्या निळ्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. आवळून, तीन गाठी. ती बघून माझं डोकं फिरलं. मी गाठ सोडायला लागलो, सुटेना. अंगणात दादा बसले होते, काका होते, शेजारची सुमनकाकी भाकरी घेऊन आली होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “हे बघा. याच्यामुळं कोंबड्या गेल्या. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, स्वतः कुणाचं ऐकलं नाही.”

तुला जाऊन तीन दिवस झाले होते, आणि मी हे बोललो.

सुमनकाकीनं भाकरीची टोपली दादांच्या पुढं ठेवली. माझ्याजवळ आली, कमरेचा विळा काढून एका झटक्यात ती चिंधी कापली आणि दार उघडून धरलं.

“जा आत.”

“कशाला?”

“अंडी हायती का बघ. जा की.”

मी गेलो. तिनं हात सोडला. स्प्रिंगनं दार ओढलं आणि खटका पडला. फार छान आवाज झाला, आत्ती. टक्. मी लिहिलं होतं अगदी तसा.

“आता ये भाईर,” सुमनकाकी म्हणाली. “मी च्या टाकते.” आणि चालायला लागली.

मी दार ढकललं. मग खटक्याकडं बोट घालायला गेलो. अर्ध्या इंचाची जाळी. बोट जात नाही. मीच लिहिलं होतं, बोटसुद्धा जाणार नाही अशी घ्या. एक काडी घेतली, ती जाळीतून गेली, पण खटक्यावर मुंगसाचा पंजा लागू नये म्हणून मी पत्र्याची झाप सांगितली होती, तिला अडकून मोडली. खांद्यानं धडक दिली. मुबारकभाईंचं काम, हललंसुद्धा नाही. वरचा पत्रा तापला होता. काका हसले आणि मग हसायचे थांबले. दादा उठायला लागले तर सुमनकाकी घरातून म्हणाली, “भाऊजी, बसा. त्याला इच्यार करू द्या. शिकल्याला हाय त्यो.”

चहा उकळायला किती वेळ लागतो? मला घाम फुटला. ती कप घेऊन आली आणि जाळीपलीकडं उकिडवी बसली. दार उघडलं नाही.

“होळीच्या आधी,” ती म्हणाली, “मी खुरपाया गेल्ते. सकाळी नवाच्या सुमाराला तुझी आत्ती अंडी काढाया आत गेली. दगूड लावून जायाची दाराला, त्या दिवशी दगूड सरकला. मी आले तवा तीन वाजलं हुतं. हाका मारून आवाज बसला हुता तिचा. कोंबड्यांच्या थाळ्यातलं पाणी प्याली हुती.”

मी पायाजवळच्या थाळ्याकडं बघितलं.

“फोन घरात वाजत हुता म्हणं. म्हणाली, ‘माझ्या मिलिंदाचा आसंल, मधल्या सुट्टीत करतोय त्यो.’ भाईर काढल्यावर पयलं काय म्हणाली म्हाईत हाय? ‘सुमे, त्याला सांगायचं न्हाय. पोरानं मन लावून लिवलंय. त्याला वाईट वाटंल.’ शपत घातली मला. तवापासनं ती चिंधी. आता ती न्हाय, शपत बी न्हाय. घे च्या.”

आणि मगच तिनं खटका उचलला.

तो फोन मीच केला असेल. मला आठवत नाही. तू उचलला नाहीस म्हणून मी काही काळजी केली असंही आठवत नाही. संध्याकाळी परत केला असेन, आणि तू म्हणाली असशील, बंगल्यात समद्या खुशीत हायती.

याचा राग येतो, आत्ती. सहा तास तू पत्र्याखाली बसलीस, कोंबड्यांच्या थाळ्यातलं पाणी प्यालीस, आणि मला एक शिवी देता आली नाही तुला? अंडं हलवणाऱ्या गिऱ्हाइकाला सोडलं नाहीस, तलाठ्याला सोडलं नाहीस, माझ्या सख्ख्या बापाला चारचौघांत बोललीस. एक फोन करायचा होता. ‘बैला, आत शिरायच्या आधी भाईर कसं यायचं ते बघावं.’ एवढं एकच वाक्य. मी बसनं येऊन स्वतःच्या हातानं दार बदललं असतं. आणि कुत्री आली तेव्हा, मी तुला वाटेल ते बोलत होतो तेव्हा, तुझ्या तोंडात खरं उत्तर होतं. ते गिळून तू म्हणालीस, चुकलं माझं. माझी चूक तू तुझ्या नावावर घेतलीस आणि मला जेवलास का विचारलंस.

कोण शिकवतं असं? पदवी म्हणजे काय, सतरंजी टाकायची गोष्ट? मला शिकवलंस ते मी चुकणार नाही म्हणून? मी तर शिकलो आणि चुकायला लागलो, कारण चुकलास म्हणणारं घरात कुणी उरलं नाही.

आणखी एक गोष्ट सुमनकाकीनं सांगितली. आपल्याकडं बायका कोंबडी अर्धलीनं देतात, एकीनं तलंग म्हणजे तरणी कोंबडी द्यायची, दुसरीनं सांभाळायची, पिल्लं निम्मी-निम्मी. कुत्र्यांनी मारलेल्या नवांत पाच तिच्या वाट्याच्या होत्या. तू तुझ्या उरलेल्या सगळ्या तिच्या अंगणात नेऊन सोडल्यास. ती नको म्हणत होती. “माझ्या हलगर्जीनं गेल्या,” असं तू तिला सांगितलंस. म्हणून त्या दिवशी बंगला रिकामा होता.

मी चहा तसाच ठेवून मुबारकभाईंच्या दुकानात गेलो. भांडायलाच गेलो. ते एका फाटकावर वाकले होते, काच वर करून उठले.

“तुम्ही कारागीर आहात,” मी म्हणालो. “माणूस उभा राहील एवढं दार आणि आतून कडी नाही, हे तुम्हाला कळलं नाही?”

“कळलं की.”

“मग?”

“मी म्हणलं मावशीला, आतनं एक कडी टाकतो, माझ्याकडं जुनी पडलीय, मोकळी. तर म्हणाली, ‘कागदात हाय का?’ मी म्हणलं, न्हाय, उलट नको म्हणून लिवलंय. ‘मग टाकायची न्हाय.’ मी म्हणलं, मावशी, इच्यारू तरी सरांना. तर म्हणाली, ‘तू किती शिकलास?’ मी म्हणलं सातवी. ‘मग?’ म्हणाली.” मुबारकभाईंनी हातमोजा काढला. “आता ‘मग’ म्हणल्यावर माणसानं काय बोलावं, सर?”

“तुम्ही मला फोन करायचा होतात.”

“नंबर हुता माझ्याकडं,” ते म्हणाले. “दोनदा काढला. म्हणलं, इग्यानाचं आसंल कायतरी, आपल्याला काय कळतंय. त्येवढं माझं चुकलं.”

म्हणजे तेही. वीस वर्षं दारं बनवणारा माणूस एका दाराबद्दल मला विचारायला बिचकला. मी त्यांच्यावर ओरडायला गेलो होतो आणि तिथंच एका ट्रॉलीच्या चाकावर बसलो. तू जे केलंस ते एकट्या तुझं नव्हतं. गावानं मिळून माझ्याभोवती एक घर बांधलं होतं, आत काही येणार नाही असं. आणि त्याचा खटका मीच पाडून घेतला होता.

संध्याकाळच्या आधी ते सामान घेऊन आले. तीच जुनी कडी, गंज घासून आणलेली. दारापाशी उभे राहून म्हणाले, “कुठं बसवू, सर? तुमी सांगा.”

मी म्हणालो, “मला सर म्हणू नका. आणि मला विचारू नका. तुमचं काम आहे.”

ते दाराकडं बघत राहिले, माझ्याकडं बघत राहिले. सवय अशी लगेच जात नाही. शेवटी सुमनकाकी कमरेवर हात ठेवून पुढं आली. “माझ्या छातीइतक्या उंचीला लावा. आत मीच जाणार हाय. आणि ती पत्र्याची झाप जरा कापा, हात जाईल येवढी. मुंगूस यायचं ते यिऊ दे, मी बघते त्याच्याकडं.”

मुबारकभाईंनी कडी लावली. मी पत्रा धरून उभा होतो. तेवढंच काम मला जमण्यासारखं होतं. ते झाल्यावर सुमनकाकी स्वतः आत गेली, दार आपटलं, आतून उघडून बाहेर आली. दोनदा. मग तुझ्या कोंबड्या एकेक काखेत धरून आणल्या आणि आत सोडल्या. तुझ्या नावानं त्या आता अर्धलीनं तिच्याकडं आहेत. निम्मी पिल्लं माझी, असं तिनंच ठरवलं. मी नको म्हणालो तर म्हणाली, “तू गप बस. तुला यातलं काय कळत न्हाय.”

आत्ती, किती वर्षांनी कुणी मला असं बोललं. मला रडू आलं ते तेव्हा आलं. तुला अग्नी देतानासुद्धा आलं नव्हतं.

तुझ्या पेटीत माझी सगळी पत्रं होती, माझ्या पदवीच्या फोटोखाली. त्यात कोंबड्यांच्या घराचं हे पत्रही होतं. मुबारकभाईंकडं कामाला होतं तेव्हाची ठिणगी पडून मधे एक भोक आहे, कडेला काळा अंगठा आहे. शेवटच्या ओळीवर दुसरा एक अंगठा आहे, हळदीचा. तो तुझा. मी पत्र जसं आहे तसं इथं उतरवतो. त्याला उत्तर यायला हवं होतं, ते आलं नाही.

*

प्रिय हौसाआत्तीस,

जयभीम. मी इथे मजेत आहे. तुझ्या कंबरेला बरं असेल. तेल लावत जा.

कोंबड्यांच्या घराचं मी सगळं नीट बघून लिहीत आहे. मुबारकभाईंना हे पत्र दोनदा वाचायला सांग.

लांबी दहा फूट, रुंदी सहा फूट. उंची साडेसहा फूट ठेवा, म्हणजे तुला आत वाकावं लागणार नाही. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली. त्यातून बोटसुद्धा जाणार नाही अशी बघून घ्या. साधी कोंबडीजाळी नको, ती कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. जाळी जमिनीत दीड फूट गाडा. वर अर्ध्या भागावर पत्रा, अर्ध्यावर जाळी, म्हणजे तुझ्या कोंबड्यांना ऊनही मिळेल. तुझी तक्रार होती ना.

दाराला स्प्रिंग आणि आपोआप पडणारा खटका. तू विसरलीस तरी दार बंद होईल. खटक्यावर बाहेरून पत्र्याची झाप, म्हणजे पंजा लागणार नाही. आतून कडी अजिबात ठेवू नये. कोंबड्या उडताना कडी उघडू शकतात असं मी वाचलं आहे.

मुबारकभाई त्यांच्या पद्धतीने काही सुचवतील. ते चांगले कारागीर आहेत, पण हे शास्त्राप्रमाणे आहे. कुणाच्या सांगण्यावरून यात बदल करू नये.

आता संध्याकाळी उसाकडे जायचं नाही. घरासमोर बसून त्यांच्याकडे बघत बसायचं आणि चहा प्यायचा. एवढी वर्षं तू माझी काळजी केलीस. आता तू कसलीच काळजी करू नकोस. मी सगळ्या गोष्टींचा विचार केला आहे.

तुझा,
मिलिंद
बी.एस्सी., बी.एड.